विलायती गाडीची हत्यारं

पेनगंगेच्या या अंगाले, आख्ख्या जैनथ मंडळात, विलायती गाडी आपल्या हातानं खोलनारा पयला मिस्त्री मीच. खोललेली गाडी परत लावनारा मिस्त्री मात्र तवा आमच्याकडं जन्माले यायचा होता.

हे मी सांगून राह्यलो आन ताई लिहून राह्यली. ती आता रिटायर झाली, तिले काम पायजे. मले लिहिता येत नाई, मले बोलाले पायजे. मधी मधी ती पेन खाली ठेवून हसते, आन मंग मले विचारते, "हे पन लिहू का?" लिही बाई. आता काय लपवाचं राह्यलं.

आमच्या घरात मी सोडून सारे शिकलेले. आबा दुसऱ्याच्या वावरात सालदार होते, पन त्याईनं बाबाच्या हातात पाटी देली, आन तवापासून आमच्या घरातली पाटी कोनी खाली ठेवली नाई. बाबा मराठी शाळेचे हेडमास्तर, ताई मास्तरीन, दादा तहसीलात बाबू. माहं नाव बाबानं मोठ्या हौसेनं सिद्धार्थ ठेवलं. जी काय विद्या मले भेटली थे नावातच. गाव सिद्या म्हने. शाळेत बाबाच शिकवे, म्हंजे घरी आन शाळेत मले एकच मानूस मारे. दोन्हीपैकी एक ठिकान सोडनं भाग होतं. घरी भाकर भेटे, म्हनून शाळा सोडली. मंग आदिलाबादच्या बसस्टँडामागं एका उस्तादापाशी लागलो. ट्रॅक्टर, जीप, थ्रेशर, जे येईन थे. उस्तादाची हत्यारं म्हंजे चार-पाच पाने, एक हातोडा, एक छन्नी. बोल्ट निघाला तर पान्यानं, नाई निघाला तर छन्नीनं, आन तरी नाई निघाला तर गिऱ्हाईकाले सांगाचं का हा बोल्ट निघतच नसते. याच इलमावर मी घरी येऊन स्वताले मिस्त्री म्हनू लागलो.

सकाळी आमच्या घरी पयला आवाज बाबाच्या वंदनेचा, त्याच्यावर मायच्या भाकरीचा थापटा, आन त्या दोन्हीवर रस्त्यानं भैंशाच्या बाजाराले कापूस घेऊन चाललेल्या लॉऱ्याईचा हॉर्न. त्यात एक दिवस नवा आवाज आला. धप्प. कनगीचं झाकन पडावं तसा. बाबा हैद्राबादहून एका मोठ्या साहेबाची जुनी गाडी घेऊन आले होते, विलायती, पांढरी, आन थो तिच्या दाराचा आवाज होता. आपल्या जीपचं दार लावलं का डबे पडल्यासारखं वाजे. हे दार असं बंद होये का मानसानं मान डोलवावी. मंग काय, आमच्या आळीतला जो थो येऊन एकडाव दार लावून पाहे. सुभद्राकाकू तं रोज येता-जाता लावे. म्हने, "बिपी उतरते माहा."

बाबानं गाडी घेतली थे मायसाठी. माय दरसाल दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाये. लग्न झाल्यापासून एक साल चुकली नाई. राजन्नाच्या टेम्पोत, आळीतल्या बायाईसंगं, उभ्यानं. पन आता तिचे गुडघे गेले होते. मागच्या साली टेम्पोतून उतरल्यावर ती रस्त्याच्या कडंला बसली आन तिले उठता आलं नाई, थे बाबानं पाह्यलं होतं. पुढच्याच साली गाडी आली. आळीत सांगून टाकलं, "औंदा सावित्री बसून जाईन." जन्मात बाबानं मायचं नाव चारचौघात घेतलं थे तवाच. माय लाजली आन दुसऱ्या दिवशीच पाठीमागं घ्याले तक्क्या शिवाले बसली. खोळ शिवली, वेचनीच्या वक्ताचा राखून ठेवलेला पांढरा कापूस काढला, आन रोज दुपारी थोडा थोडा पिंजून भरे.

आन मागच्या ब्रेकातून बारीक चीं चीं आवाज येऊ लागला.

तेवढाच. चिमनीनं करावा एवढा. बाबा म्हने, "दसऱ्यानंतर नागपूरच्या वर्कशॉपात दाखवू." मी म्हनलं, "बाबा, घरात मिस्त्री असून गाडी नागपूरले दाखवता? लोक काय म्हनतीन?" बाबानं चष्म्यावरून पाह्यलं. "लोक म्हनतीन, हेडमास्तराले अक्कल हाय." पन माय मधी पडली. "करू द्या हो. पोट्टा हौसेनं म्हनून राह्यला." मायचं एवढं एकच चुकलं जन्मात.

आता ऐका. ज्याच्या घरी विलायती गाडी हाय आन ज्याले घरच्या घरी तिले हात लावाची खाज हाय, त्याच्यासाठी सांगतो. चाक काढाले गेलो, पयलाच वैताग. आपल्या गाडीले चाकाच्या जागी खुट्या असतात, चाक अडकवाचं आन नट फिरवाचा. इच्यात खुट्याच नाईत! बाहेरून बोल्ट. काढताना काई वाटत नाई. लावताना चाक एका पायावर घ्याचं, छातीनं दाबाचं, एका डोळ्यानं भोकातून भोक पाहाचं आन तिसऱ्या हातानं बोल्ट लावाचा. मले तिसरा हात नसल्यानं चाक दरडाव पायावर पडे. हैद्राबादच्या जुन्या बाजारातल्या दुकानदाराले फोन केला तवा समजलं का त्याची एक लांब पिन भेटते. पयले ती भोकात लावाची, चाक तिच्यावर टांगाचं. एवढीशी पिन! पायाचं नख गेल्यावर समजली. पयले ती घ्या. बाकी काई घेऊ नका, पन ती घ्या.

मंग ब्रेकाचे बोल्ट. आपला बोल्ट सहा कोनाचा असते, दुनियाभर असते. इच्यात काय, तं सहा पाकळ्याईचं फूल. मी त्यात जेवढा बसला तेवढा पेचकस बसवला आन ठोकला. फुलाचं वाटीत रूपांतर झालं. पुढचा बोल्ट पाह्यला तं फुलाच्या मधी, बोंडात सरकी असते तशी, एक खुंटी. म्हंजे फुलाचा पाना असला तरी चालत नाई, भोकवालं फूल पायजे. त्याच्या पुढचा पाह्यला तं त्याले बारा दात. मी बोनेटावर डोकं टेकून बसलो. गाडी बनवनारे सारे एका ठिकानी बसूनच बनवतात ना? का एक बोल्ट सासूनं लावला आन दुसरा सुनेनं, आन दोघीत बोलनं नाई? फुलाच्या पान्याचा अख्खा डबा घ्या, बारा दाताचा येगळा घ्या, आन पेचकस घरात असन तं थो कुलुपात ठेवा.

सगळ्यात मोठा वैताग मागच्या ब्रेकाचा पिस्टन. नवे पॅड बसवाचे तं थो पिस्टन आत जाले पायजे. जीपचा असते, शिकंज्यात धरा, दाबा, गेला. हा जाईना. मी दाबला. दादाले बोलावलं, दोघाईनं दाबला. दादा तहसीलातला मानूस, त्यानं हात वर केले, "हे काम आमच्या खात्यात येत नाई." मंग पुन्हा हैद्राबादले फोन. दुकानदार हसून हसून खोकलला. "अरे भाई, दबाना नहीं, घुमाना है! घुमाते-घुमाते दबाना है!" त्याच्यासाठी बी येगळं हत्यार. थे आलं थे बसच्या कंडक्टराच्या हाती, पार्सलात, चिंधीत गुंडाळून, तीळ-गूळ पाठवावा तसं. मी लावलं, फिरवलं, आन पिस्टन गपगुमान आत गेला. म्हंजे सारी ताकत मी फुकट लावली होती. हे हत्यार घ्या. अन् घेतल्यावर कोनाले सांगू नका का पयले दाबून पाह्यलं होतं.

या साऱ्या भानगडीत मायचं स्वयंपाकघर अर्धं झालं होतं. प्लास्टिकच्या क्लिपा उचकटाले तिचं उलथनं, नळीची पकड सोडाले तिची सांडशी. क्लिपा उचकटाले प्लास्टिकच्या पट्ट्या भेटतात, हे तवा माहीत नव्हतं. उलथन्यानं क्लिप निघते, पन तिची दोन पिलं होतात. माय चुलीपुढून ओरडे, "अरे सिद्या, भाकर उलटवू का हातानं?" आन मी तेलकट उलथनं धोतराच्या फडक्यानं पुसून देत होतो. त्या दिवसातल्या साऱ्या भाकरीले ग्रीसचा वास होता. बाबा भाकर नाकापाशी नेऊन वास घेत आन मंग खात. त्याईचं थे वास घेनं मले ठेच्यापेक्षा जास्त झोंबे.

पन ब्रेकाचा आवाज गेला! चीं नाई का चूं नाई. इथंच थांबाले पायजे होतं. थांबलो असतो तं ताईले लिहाले काई भेटलं नसतं.

मले हुरूप आला. म्हनलं, एवढी गाडी उघडी हाय तं इंजिनात हवा जाते थो नळबी साफ करून टाकू. आमच्याकडं वेचनीच्या दिवसात हवेत धूळ कमी आन कापसाचे तंतू जास्त. नळ काढला. खाली इंजिनाचं तोंड उघडं दिसलं, आन हात आपोआप गेला. तुमाले सांगतो, आमच्या मुलखात भोक दिसलं का मानूस त्यात कापूस कोंबते. थंडी वाजली, कानात कापूस. माठ पाझरला, चिरेत कापूस. उंदराचं बीळ, कापूस. बसच्या खिडकीची फट, कापूस. उस्तादबी तेच शिकवे, "तोंड उघडं ठेवू नको, नट आत पडला तं इंजिन गेलं." मी मायच्या टोपल्यातून चांगला मूठभर, पांढराशुभ्र कापूस घेतला आन तोंडात दाबून बसवला. तेवढ्यात मायनं हाक मारली. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरून लसनाची फोडनी. खाल्लं. हात धुतले. दोन ढेकर देले. आन येऊन मोठ्या समाधानानं नळ परत लावून टाकला.

चावी फिरवली. गाडी एकडाव खोकलली आन बसली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलली. क्षयाच्या पेशंटावानी.

त्याच्यापुढचे दिवस मले कोनी परत जगाले सांगितले तं मी शाळेत जाईन, पन थे जगनार नाई. जे जे खोलता येते थे थे खोललं. प्लग काढले, त्याले लांब मानेचा येगळा पाना, आला कंडक्टराच्या हाती. बॅटरी काढून आदिलाबादले चार्ज करून आनली. पेट्रोल काढून वास घेऊन पाह्यला. टॉर्क पाना आनला, तो कटकन वाजला का समजाचं पुरं झालं, आता थांब. असा एक पाना मानसाच्या मानगुटीलेबी लावाले पायजे. कंडक्टर मले म्हने, "सिद्याभाऊ, तुमी गाडी हप्त्याहप्त्यानं मागवून राह्यले काय?" आन बाबा रोज संध्याकाळी शाळेतून येत, अंगनात उभे राहत, गाडीकडं पाहत, माह्याकडं पाहत, आन हातपाय धुवाले जात.

शेवटी हैद्राबादवाल्यानं स्कॅनर पाठवला. ही सगळ्यात कामाची चीज. गाडीच्या पोटात वायर लावाची, आन गाडीले काय दुखून राह्यलं थे पाटीवर लिहून येते. आले अक्षरं, पन इंग्रजी. ताईले हाक मारली. ताईनं चष्मा लावून वाचलं, डिक्शनरी आनून एका शब्दाची खात्री केली, आन म्हने, "सिद्या, इंजिनाले हवा जाऊन नाई राह्यली म्हनते."

"हॅ. नळ मीच साफ केला, माह्या हातानं. काचेवानी हाय. मशीन खोटं बोलून राह्यली."

"मशीन काऊन खोटं बोलन?"

"विलायती हाय. आपल्या हवेची तिले सवय नाई."

ताईनं माह्याकडं पाह्यलं. थे पाहनं मले अजून आठोते, कारन आतासुदीक ती तसंच पाहून राह्यली. तवा मी काय केलं असन? मी नळ नाई उघडला. मी गाडीच्या चारी चाकात हवा भरून आनली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निघाचं होतं. सकाळी आळीत राजन्नाचा टेम्पो येऊन उभा राह्यला. निळे झेंडे लावलेले, आत चटया, पोराबाळाईचा गलका, डब्यात पुऱ्या आन तिळाची चटनी. राजन्ना तेलुगू मानूस, पन दरसाल आमच्या बायाईले नेऊन अर्धा मराठी झालेला. खिडकीतून ओरडला, "एमैंदी सिद्धूअन्ना? काय झालं? बंडी उठली नाई काय?" सुभद्राकाकू टेम्पोच्या फळीवर उभी होती, तिले काय, तोंडच भेटलं. "हेडमास्तरीनबाई, तुमची विलायती सून अजून झोपूनच हाय वाटते! चहा पाजा तिले!" साऱ्या हासल्या. माय पांढरं लुगडं नेसून, केसाले तेल लावून, दारात उभी होती. तीबी हासली. पन मले तिचं हासनं माहीत हाय. थे फक्त दातापर्यंत आलं होतं.

मी चावी फिरवली. खोकलली. बसली. बाबा म्हने, "पुरं." जोरानं नाई म्हनलं. मंग मायकडं वळले आन म्हने, "जाय तू टेम्पोत. मी आन ताई बसनं येतो." मायनं पदर खोचला आन चालली. टेम्पोपाशी पाट ठेवला, त्याच्यावर एक पाय ठेवला, वरून दोघीनं हात धरले, खालून ताईनं उचललं, आन माय "अगं माय वं" म्हनत वर गेली. तो आवाज मी बोनेटात डोकं घालून ऐकला. मान काढाची हिंमत नव्हती.

वर गेल्यावर तिले बसाले जागा देली. सुभद्राकाकू म्हने, "तुमी तक्क्या शिवला होता ना वं? आना का मी?"

"कुठचा आनता. अर्धाच भरला. टोपल्यातला कापूसच कोनं नेला कोन जाने. चांगला मूठभर गेला. उंदरानं नेला असन."

तिकडून ताई, स्कॅनर हातात धरून, शेवटचं म्हनून वाचून राह्यली होती, "सिद्या, अजूनबी तेच म्हनते. हवा जाऊन नाई राह्यली."

एका कानात कापूस आन दुसऱ्या कानात हवा. मधी माहं डोकं. त्या दोन्हीले भेटाले जेवढा वेळ लागला तेवढ्यात हुशार मानूस नागपूरले जाऊन आला असता. मंग मले टोपल्यात घातलेली आपलीच मूठ आठोली. लोकाईकडं पाठ करून गुपचूप काढाचा इचार होता, पन क्लिप तुटली, नळ फटकन वर आला, आन मायची सांडशी आत घातली तं असा लांबच्या लांब, काळा कुट्ट, मेलेल्या उंदरावानी कापूस बाहेर निंगून आला. साऱ्या आळीसमोर. राजन्नानं हॉर्नवरचा हात काढला. मायनं वरून वाकून पाह्यलं आन म्हने, "थो माहा कापूस हाय का रे?"

मी चावी फिरवली. गाडी अशी चालू झाली का जसं काई झालंच नव्हतं. घुर्र नाई का ठसका नाई. धपकन दार लावलं, बाबा बसले, ताई बसली. मी छाती काढून टेम्पोपाशी गेलो. "माय, चाल. उतर. गाडी झाली."

"आता नाई उतरत," माय म्हने. "गुडघे हायेत माहे, तुहे बोल्ट नोहे, का खोलले का लावले. राजन्ना, घे."

टेम्पो निघाला. मागं आमी. गाडी लोण्यावानी चालली होती, ब्रेक चूं करत नव्हता, आन ज्या बाईसाठी घेतली ती समोर टेम्पोत चटईवर, दर खड्ड्याले बायाईसंगं हलून राह्यली होती. बाबानं पुढं काढली नाई. माय दिसत राहावी म्हनून थे टेम्पोच्या मागं मागं चालवत होते. पेनगंगेचा पूल गेला. टेम्पोत गानी चालू झाली. माय गात होती, पन दर खड्ड्याले तिचा हात गुडघ्यावर जाये, थे मले काचेतून दिसे. मी एकडाव म्हनून पाह्यलं, "हत्यारं मात्र कामाची हायेत हां, ताई." ताईनं खिडकीची काच वर केली, जसं का मी बाहेर बसलो होतो.

पांढरकवड्याले टेम्पो चहाले थांबला. बायका उतरल्या. मायले उतरता उतरेना. बाबा स्वता गेले, साऱ्याईदेखत तिले दोन्ही हातानं धरून खाली घेतलं, आन गाडीपाशी आनलं. पुढचं दार उघडून धरलं. माय उभी राह्यली. गाडीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं.

मी मधेच म्हनलं, कारन मले चूप बसता येत नाई, "बस माय, बस. काई भेव नाई. मी सारी दुरुस्त केली."

"गाडीले झालं काय होतं रे?" माय म्हने. मी वाकून चाकाची हवा पाहू लागलो. ती हळूच आत बसली, पाय उचलून एक एक आत घेतला, पाठ टेकली, आन डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मी मागचं दार उघडाले गेलो तं तिनं डोळे न उघडताच हात वर केला.

"तू नाई. तू टेम्पोत बस. तू जवळ असला का हिले काईतरी होते."